थोआचा दुसरा पेला

थोआ रोज सकाळी सातला दोन पेले मांडते. एक माझ्यासमोर, दुसरा टेबलापलीकडच्या रिकाम्या खुर्चीसमोर. दोन्ही पेल्यांवर अ‍ॅल्युमिनियमचं एकेक छोटं गाळणं बसवते. व्हिएतनामी लोक त्याला फिन म्हणतात. तळाला बारीक भोकं असलेली वाटी, आत कॉफीची पूड दाबायला चकती आणि वर झाकण. माझ्या फिनवर झाकण असतं. दुसऱ्यावर कधीच नसतं.

सिंगापूरच्या पुंगोल भागात आमच्या ब्लॉकखालीच हे कॉफीशॉप आहे. चिकन-राइसचा गाळा, माशांच्या नूडल्सचा गाळा, मालक तिओ अंकलचा चहा-कॉफीचा मोठा गाळा आणि कोपऱ्यात थोआचा अरुंद गाळा. तिथे ती व्हिएतनामी पाव विकते आणि तिच्या गावची कॉफी. मागच्या टेबलावर बसलं की झाडांच्या फटीतून खाडीचं पाणी दिसतं. थोआनं ते टेबल त्यासाठीच धरलेलं आहे.

तिची माझी ओळख जानेवारी २०२२ मधली. माझा नवरा हरीश गेल्यावर मी पुण्याचा फ्लॅट विकून मुलाकडे, निमिषकडे आले, त्याला तेव्हा तीन वर्षं होत आली होती. त्या दिवशी मी सकाळी लवकर खाली उतरले. थोआ नुकतीच गाळा उघडत होती. मी लांब उभी राहिले.

"आंटी, उभ्या का? घ्या ना काहीतरी."

"आधी दुसऱ्या कुणाला घेऊ दे," मी म्हटलं.

"का?"

मी खरं ते सांगितलं. आमच्याकडे दिवसाची पहिली विक्री म्हणजे भवानी. ती चांगल्या हातानं व्हावी असं मानतात आणि विधवेचा हात त्यासाठी कुणी चांगला धरत नाही. माझ्या सासूबाईंनी त्यांच्या वैधव्यात भाजीवाल्याला पहिले पैसे कधी दिले नव्हते. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, या गोष्टी मानत नाही. तरी पाय थबकले होते.

थोआ खळखळून हसली. "आमच्याकडेही आहे असं! पहिलं गिऱ्हाईक वाईट निघालं की आम्ही कागद पेटवून गाळ्यापुढे फिरवतो. पण मलाही नवरा नाही, आंटी. तो गेला चार वर्षांपूर्वी. दोन बिननवऱ्याच्या बायका म्हणजे उलट्याचं सुलटं. घ्या लाह!" इथले लोक बोलताना शेवटी असं 'लाह' जोडतात.

मी कॉफी घेतली. त्या दिवशी दहाच्या आत तिचे सगळे पाव संपले. दुसऱ्या दिवशी सातला ती लिफ्टपाशी माझी वाट पाहत उभी होती. तेव्हापासून तिची भवानी मीच करते. बहात्तराव्या वर्षी असा मान मिळेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

तिची कॉफी कशी प्यायची हे मला शिकावं लागलं. तळाशी आटवलेलं गोड दूध असतं. वरून थेंब पडतात, एकेक, काळे. घाई करायची नाही, चकती दाबायची नाही, झाकण उचलून डोकवायचं नाही. फान थिएत नावाच्या मासळीच्या गावात तिच्या आईचं रस्त्यावर कॉफीचं दुकान होतं. दुकान म्हणजे वीतभर उंचीचे आठ स्टूल आणि एक चूल. बिया ती घरीच लोण्यावर भाजायची, शेवटी माशांच्या खारट पाण्याचे दोन थेंब टाकायची. कोळी, शिक्षक, पोलीस, सगळे त्याच स्टुलांवर गुडघे छातीशी घेऊन बसायचे. थेंब पडत असेपर्यंत कुणी उठायचं नाही, आणि त्या वेळात बोललेलं भांडण पुढे न्यायचं नाही, असा रिवाज. कॉफी संपली की फुकटचा थंड चहा यायचा, म्हणजे अजून बसा.

"तीस सेकंदात मी कोपी देतो," तिओ अंकल त्याच्या गाळ्यातून ओरडायचा. कोपी म्हणजे इथली साधी कॉफी. "हिची कॉफी येईपर्यंत गिऱ्हाईक पेन्शनीत जातं!"

"तुझी कोपी पिऊनच लोक पेन्शनीत जातात," थोआ म्हणायची.

मी पेला घेऊन बसायचे आणि डायरी लिहायचे. नाशिकच्या शाळेत सिस्टर बेनेडिक्टांनी मला नवव्या वर्षी पहिली वही दिली. तारीख, वेळ, हवा आणि जे डोळ्यांनी पाहिलं तेच, असा त्यांचा नियम. "घडतं तेव्हाच लिही. नंतर लिहिलेलं अर्धं खोटं असतं." मी तो नियम आजवर मोडलेला नाही. माझ्या चौसष्ट वह्या इथल्या घराच्या बॉम्ब शेल्टरमध्ये पत्र्याच्या ट्रंकेत आहेत. इथल्या नव्या घरांत अशी जाड भिंतींची खोली असते. लोक त्यात सुटकेस आणि जुने पंखे ठेवतात.

म्हणून त्या दुसऱ्या पेल्याबद्दलही मी लिहीत होते. दोन्ही फिन एकाच वेळी भरलेले, पूड तीच, पाणी एकाच किटलीतलं. माझी कॉफी पाच मिनिटांत गळायची. दुसरी सात मिनिटांत. दहा वाजता थोआ तो पेला उचलून मागच्या कुंडीतल्या चाफ्याला घालायची. कुणाचा पेला, हे मी सात महिने विचारलं नाही. शेवटी तीच बोलली.

"माझ्या भावाचा. तुंग नाव."

"वारले का?"

"माहीत नाही," ती म्हणाली. "म्हणून तर उदबत्ती नाही."

मग नीट सांगितलं. त्यांच्यात मेलेल्या माणसाला त्याच्या तिथीला घरी जेवायला बोलावतात. आवडीचं पान मांडायचं, त्याची कॉफी मांडायची, उदबत्ती लावायची. उदबत्ती जळून संपली की त्याचं झालं असं समजून घरच्यांनी ते खायचं. तिच्या नवऱ्याची तिथी ती अशीच करते. पण तुंग १९८१ मध्ये होडीतून पळाला. त्या वर्षांत कितीतरी लोक असे रात्रीचे निघत होते. तो एकोणीस वर्षांचा, ती अकराची. सहाव्या चांद्रमहिन्याच्या सुरुवातीला, काळोख बघून होडी सुटली. पुढे पत्र नाही, बातमी नाही, त्या होडीतल्या कुणाचीच नाही.

"असं झालं तर निघाल्याचा दिवस हीच तिथी धरतात. सगळ्यांनी आईला तेच सांगितलं. आई म्हणाली, निघाला त्या दिवशी तो जिवंत होता. माझ्यासमोर कॉफी प्यायला, बोटानं पेल्यातलं दूध चाटलं. जिवंत पोराची तिथी मी करणार नाही."

"आणि झाकण?"

"झाकण तो घेऊन गेला. होडीवर पाणी मोजून देतात, झाकणभर, असं कुणी सांगितलं होतं. त्यानं आईच्या फिनचं झाकण उचललं आणि खिशात टाकलं. म्हणाला, आता मी परत येईपर्यंत तुझी वाफ उडू दे." थोआनं बिनझाकणाच्या फिनकडे हनुवटी केली. "तोच आहे हा."

हे सगळं मी त्या दिवशी लिहून ठेवलं. ते लिहिताना हात थांबला होता. १९८१ च्या जुलैत मी हरीशबरोबर जहाजावर होते. तो चीफ इंजिनिअर होता आणि कंपनी अधिकाऱ्यांच्या बायकांना एखाद्या सफरीवर येऊ द्यायची. आम्ही उत्तरेकडून सिंगापूरला येत होतो. त्या समुद्रात मी एक होडी पाहिली होती. ती मी विसरले नव्हते. पण होड्या शेकडो होत्या. मी स्वतःला एवढंच सांगितलं आणि पान उलटलं. वही मात्र काढून पाहिली नाही. दोन वर्षं पाहिली नाही.

या वर्षी मार्चमध्ये थोआची आई फान थिएतला वारली. थोआ तीन आठवडे जाऊन आली. परतली तेव्हा गालफडं बसलेली.

"आई शेवटी काय म्हणाली माहितीय? मी आता तिकडे चालले. तो तिकडे असेल तर मला सापडेल. पण तुम्ही त्याला एक दिवस नेमून बोलावलं नाहीत तर तो बसणार कुठे? इतकी वर्षं नको म्हणत होती, आंटी. जाताना दिवस मागितला."

"मग निघाल्याचा दिवसच धर."

"तो तिनं नाकारलाय. तिचाच शब्द मी कसा मोडू?"

त्यानंतर फिन मंदावला. माझ्या वहीत ते स्पष्ट आहे. मार्चअखेर चौदा मिनिटं. मेच्या पहिल्या आठवड्यात सव्वीस. जूनमध्ये एकदा एक्कावन्न. शेजारी माझा फिन, तीच पूड, पाच मिनिटं. मी निमिषला सांगितलं.

"आई, भोकं बुजली असतील," तो लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणाला.

मी थोआला सुई दिली. तिनं प्रत्येक भोक माझ्यादेखत साफ केलं, फिन उजेडाकडे धरून दाखवला. सगळी भोकं उघडी होती. दुसऱ्या दिवशी एक्कावन्न मिनिटांचा एक तास झाला.

चाफ्याच्या कुंडीत मातीवर पांढरा थर धरला होता.

"तुझी कॉफी माझं झाड मारणार," तिओ अंकल म्हणाला. "बघ, मीठ फुटलंय!"

"कॉफीत मीठ कुठून येईल?" थोआ म्हणाली.

त्यानं बोटानं थर खरवडला आणि ओठापाशी नेला. मग बोट लुंगीला पुसलं. मी चाखून पाहिलं नाही.

तीन जुलैला, बुधवारी, थोआ माझ्यासमोर बसली. एरवी ती गिऱ्हाइकासमोर बसत नाही. महिनाभरात चिन्यांचा सातवा महिना लागणार होता. त्या महिन्यात इथे ब्लॉकखाली लोखंडी पिंपांत कागदी नोटा जाळतात, रस्त्याच्या कडेला बिनघरच्या मेलेल्यांसाठी भात आणि संत्री मांडतात. ज्यांना बोलावणारं कुणी नाही ते त्या महिन्यात मोकळे हिंडतात, अशी समजूत. व्हिएतनामी लोकही ती मानतात.

"या वर्षी तो त्यांच्यात असेल," थोआ म्हणाली. "आधी आई त्याला धरून होती. जिवंत आहे म्हणत होती ना. आता कुणी धरलेलं नाही. रस्त्याच्या कडेचा भात खाईल तो, आंटी. परक्यांचा." ती बिनझाकणाच्या फिनकडे पाहत होती. "तुम्ही तारखा लिहिता. सांगा, न पाहिलेल्या माणसाची तारीख कुठे मिळते? कुणीतरी पाहिलं असेल ना? एवढा मोठा समुद्र, एकानं तरी पाहिलं असेल?"

मी म्हटलं, "बघते."

दुपारी मी ट्रंक उघडली. मला फक्त तारीख हवी होती. होडी, तिच्या नाकाडावर रंगवलेले डोळे, समुद्र, हे सगळं माझ्या आठवणीत होतं. पान सापडलं. अक्षर माझंच, तिशीतलं, तिरकं.

'सोमवार, २० जुलै १९८१. आषाढ वद्य चतुर्थी, संकष्टी. हवा स्वच्छ, समुद्र शांत. दुपारी ४.२०, उजवीकडे लाकडी होडी, अंदाजे अर्धा मैल. नाकाडावर डोळे काढलेले. इंजिन बंद असावं. माणसं छत्तीस, बसलेली किंवा आडवी. एक मुलगा उभा. झाकणासारखं काही गोल हातात धरून उन्हात चमकवत होता. ४.३१ ला ब्रिजवर कळवलं. पाहिलंय, म्हणाले. जहाज थांबलं नाही. ४.५० ला होडी दिसेनाशी. रात्री ८.४७ चंद्रोदय. उपास सोडला.'

झाकण मला आठवत नव्हतं. त्रेचाळीस वर्षांत एकदाही नाही. ते इथे होतं, निळ्या शाईत.

आणि ती वेळ. ४.२० ते ४.३१. त्या अकरा मिनिटांत मी काय करत होते हे वहीत नाही, पण मला ठाऊक आहे. मी आधी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. केबिनमध्ये जाऊन वही आणली. मग कठड्याला टेकून माणसं मोजली. चुकायला नको म्हणून दोनदा मोजली. छत्तीस. मग जिना चढून ब्रिजवर, जहाज चालवतात त्या खोलीत, गेले.

कॅप्टननं आधीच ठरवलं असेल. माझ्या अकरा मिनिटांनी काही बदललं नसेल. रात्री केबिनमध्ये मी हरीशला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "हे लिहू नकोस." मी म्हटलं, लिहून झालंय. त्याला इंजिनरूममध्ये काहीच कळलं नव्हतं. तरी पुढे नोकरी संपेपर्यंत तो मोकळा वेळ कधी डेकवर घालवताना दिसला नाही. मी त्यानंतर संकष्टी केली नाही. का ते सासूबाईंनी विचारलं, तेव्हा मी पित्ताचं कारण सांगितलं. वहीत मात्र पित्त लिहिलं नाही.

त्या रात्री जेवताना मी निमिष आणि सुनेला, अपूर्वाला, पान वाचून दाखवलं.

"नको सांगूस तिला," निमिष लगेच म्हणाला. "आई, किती होड्या असतील. झाकण काय, कुणाच्याही हातात असतं. उगाच तिला वाटेल बाबांच्या जहाजानं तिच्या भावाला..."

"जहाज बाबांचं नव्हतं," अपूर्वा म्हणाली.

"तिला काय फरक पडणार आहे?"

"तिला तारीख हवीय, निमिष. तुला बाबांचं नाव हवंय. आई, तुम्हाला काय हवंय?"

मला सकाळी सातचं ते टेबल हवं होतं. भवानीचा मान हवा होता.

चार जुलैपासून दुसरा फिन थांबला. थोआ उकळतं पाणी ओतायची, ते पुडीवर काळं उभं राहायचं, आणि खाली एक थेंब उतरायचा नाही. दहाला ती तसाच भरलेला फिन कुंडीवर उपडा करायची. पाणी तोवरही गरम असायचं. मी हात लावून पाहिलं आहे, म्हणून लिहिते. तीन तासांनी गरम.

नऊ तारखेला मला आणखी एक गोष्ट दिसली. फिनमधल्या पाण्यावर वर्तुळं उठत होती. मध्यातून काठाकडे, बारीक, एकसारखी, न थांबता. माझा पेला स्थिर होता. मी टेबलावर तळवा ठेवला आणि मला ती थरथर ओळखू आली. जहाजावर जेवणाच्या टेबलावरच्या प्रत्येक ग्लासात ती असायची. हरीश म्हणायचा, ग्लासातलं पाणी बघून मी सांगतो इंजिन किती फेऱ्यांवर चाललंय. मी जुन्या सवयीनं अंदाज केला. पूर्ण वेग. थांबायचा विचार नसलेलं जहाज.

"एलआरटीची गाडी गेली असेल वरच्या पुलावरून," निमिष म्हणाला.

दहा आणि अकरा तारखेला मी गाड्यांच्या वेळा लिहिल्या. गाडी येवो न येवो, वर्तुळं होतीच.

"तो कशाची तरी वाट बघतोय," थोआ म्हणाली. ती पाण्याकडे पाहत होती, माझ्याकडे नाही. "इतका हट्टी नव्हता."

पंधराला, सोमवारी, मी वही पिशवीत घालून खाली उतरले. सात वाजता तिनं दोन पेले मांडले. माझे थेंब पडायला लागले. थेंब पडत असताना बोललेलं भांडण पुढे न्यायचं नाही, हा तिच्या आईचा रिवाज मला आठवत होता. मी त्याच आधारावर वही उघडली आणि एकेक ओळ तिला इंग्रजीत सांगितली. झाकणाची ओळ सांगितली. घड्याळ, वही, मोजदाद, अकरा मिनिटं, जी पानावर नव्हती, तीही सांगितली.

थोआ उभी होती ती उभीच राहिली. हातात फडकं.

"उभा होता?" तिनं विचारलं.

"एक मुलगा उभा होता. तो तुंग होता असं मी म्हणू शकत नाही. मी जे पाहिलं तेवढंच."

"तुम्ही हात केलात त्याला?"

मी आठवून पाहिलं. "नाही. हातात वही होती."

माझा फिन रिकामा झाला होता. शेवटचा थेंब पडला तो आम्ही दोघींनी ऐकला.

"छत्तीस," थोआ म्हणाली. "दोनदा मोजलीत." तिनं माझा भरलेला पेला उचलला आणि मी घोटही घेतलेला नसताना मोरीत ओतला. "उद्या येऊ नका, आंटी."

मी गेले नाही. सोळा तारखेपासून पुढचे आठ दिवस मी सातला स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहून वही उघडायचे आणि काही लिहायचे नाही. लिहिण्यासारखं काही पाहिलेलं नसायचं. अपूर्वा येता-जाता बघायची. ती म्हणाली, पहिलं गिऱ्हाईक आता चिकन-राइसवाला असतो. एकदा म्हणाली, दुसरा पेला आहे अजून, पण त्यात पाणी तसंच उभं. निमिषनं एका संध्याकाळी कपाटातून हरीशचा जहाजावरचा फोटो काढला, बराच वेळ पाहिला आणि परत ठेवला.

तेवीसला दुपारी दाराची घंटा वाजली. तिओ अंकल, घामेजलेला. तो याआधी कधी वर आला नव्हता.

"व्हिएतनामवाली म्हणते, उद्या सातला या. उपाशी या म्हणते." आणि जाता जाता, "आंटी, तिनं आज सगळं टेबल मिठाच्या पाण्यानं धुतलं. की टेबलावरच मीठ होतं, मला कळलं नाही. मी विचारलं नाही, हां!"

मी कॅलेंडर पाहिलं. चोवीस जुलै, बुधवार. आषाढ वद्य चतुर्थी. संकष्टी. चिनी तारखेच्या लहान आकड्यांत सहावा महिना, एकोणीस. त्यांची आणि आमची तिथी एकाच चंद्रावर चालते, हे मला तोवर सुचलं नव्हतं. थोआनं तिच्या पंचांगात वीस जुलै १९८१ शोधली होती.

सकाळी मी काही न खाता उतरले. मागच्या टेबलावर भात होता, तळलेला मासा होता, आईचा फोटो होता. फोटोशेजारी दुसरी चौकट होती, रिकामी, कारण तुंगचा फोटोच नव्हता. मध्ये एक पेला, त्यावर बिनझाकणाचा फिन. एकच. माझ्यासाठी पेला नव्हता. वाळूनं भरलेल्या कपात तीन उदबत्त्या, अजून न पेटवलेल्या.

थोआ माझ्याकडे न पाहता बोलली. "आठ दिवस तुमचा राग केला. मग वाटलं, आईनं दिवस मागितला, तो तुम्ही लिहून ठेवला होतात. बाकी कुणीच लिहिला नव्हता. त्या जहाजावरच्या कुणी लिहिला असेल का?"

"माहीत नाही."

"मग तुम्हीच. तुम्ही त्याला शेवटचं पाहिलंत. त्याच्या तिथीला पहिल्या पाहुण्या तुम्ही." तिनं खुर्ची ओढून पुढे केली. "राग गेलेला नाही, आंटी. पण बसा."

मी बसले. तिनं काडी ओढली. उदबत्त्या पेटल्या, धूर सरळ वर गेला. तिनं तिन्ही कपाळाशी धरल्या आणि भावाला हाक मारली. व्हिएतनामी मला येत नाही, पण हाक कळते. मग तिनं किटली उचलून फिनमध्ये पाणी ओतलं.

मी घड्याळ पाहिलं नाही. त्या दिवशी मी घड्याळ घरी काढून ठेवलं होतं. थेंब पडायला लागले, लगेच, एकामागून एक, माझ्या फिनसारखे. थोआनं तोंडावर हात घेतला. तिओ अंकलनं त्याच्या गाळ्यातला रेडिओ बंद केला.

मी फिनकडे बघत होते. पाणी उकळतं होतं, किटलीच्या तोंडातून अजून वाफ निघत होती. उघड्या फिनमधून मात्र काहीच वर येत नव्हतं. उदबत्तीचा धूर त्याच्या काठाशी येऊन कडेकडेनं वळत होता, वरून जात नव्हता. जणू तिथे काहीतरी गोल ठेवलेलं होतं.

मी थोआकडे पाहिलं. तीही तिथेच पाहत होती. मी टेबलावरचा हात उचलला.

उदबत्त्या जळून संपल्या. थोआनं फिन काढला, पेला उचलला आणि दोन्ही हातांनी माझ्यासमोर धरला. "त्याचं झालं. आता आपण प्यायची. आधी तुम्ही."

मी तिला म्हटलं, आज माझा उपास आहे, चंद्र उगवेपर्यंत. त्रेचाळीस वर्षांनी केलाय.

"कॉफी चालते?"

"चालते," मी म्हटलं आणि प्याले. गोड होती, तळाशी किंचित खारट. तिच्या आईची तशीच असायची, असं थोआ म्हणाली. पण माशाचं पाणी तिनं या बियांत घातलं नव्हतं.

घरी येऊन मी वही उघडली. तारीख लिहिली, तिथी लिहिली, हवा लिहिली. वेळेची जागा कोरी ठेवली. खाली पाहिलं तेवढंच लिहिलं: फिन गळला. वाफ दिसली नाही. मी हात केला.